नृत्यरचनेतला नर्तकाचा वाटा

बॅले कागदावर रचला जात नाही. संगीतकार एकट्याने खोलीत बसून स्वरलिपी पुरी करू शकतो, नाटककार संहिता लिहून हातावेगळी करू शकतो. नृत्यरचनाकाराला मात्र समोर माणूस लागतो. त्या माणसाची उंची, घोट्यातला लवचीकपणा, कोणत्या बाजूची गिरकी त्याला चांगली साधते, दम कुठे लागतो, हे सगळे रचनेत उतरते. नृत्य लिहून ठेवण्याच्या लिप्या युरोपात जुन्या आहेत. फ्रान्समध्ये फ्येयेची पद्धत १७०० साली छापली गेली, रुडॉल्फ लाबानची १९२८ मध्ये आली, बेनेश दांपत्याची ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात. पण या लिप्यांचा उपयोग झाला तो मुख्यतः बसवून झालेला नाच टिपून ठेवण्यासाठी. नाच घडतो तो तालमीच्या दालनात, दोन किंवा अधिक माणसांच्या देवघेवीत. आणि कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापले जाते ते बहुधा एकाचेच. गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या पाश्चात्त्य नृत्याच्या इतिहासात या देवघेवीचे रूप अनेकदा पालटले. नर्तकाचा हात रचनेत कायम होता. त्याची नोंद कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत घेतली, यात फरक पडत गेला.

याचे एक ठळक उदाहरण ‘जिझेल’ या आजही जगभर होणाऱ्या बॅलेच्या जन्माशीच जोडलेले आहे. २८ जून १८४१ रोजी पॅरिसच्या ऑपेरात त्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हा रचनाकार म्हणून झां कोरालीचे नाव होते. पण नायिका कार्लोता ग्रिसी हिची नृत्ये प्रत्यक्षात बसवली होती ज्यूल पेरो याने. पेरो हा त्या काळातला अव्वल नर्तक, ग्रिसीचा गुरू आणि जोडीदार. ऑपेराच्या नोकरीत तो नव्हता, त्यामुळे जाहिरातीत त्याचे नाव आले नाही. नायिकेच्या अंगाला काय शोभते हे त्यालाच सर्वांत चांगले ठाऊक होते, म्हणून ते काम त्याच्याकडे गेले. रंगमंडळातल्या जाणकारांना हे उघड गुपित होते.

चार वर्षांनी पेरोनेच लंडनमध्ये ‘पा द कात्र’ बसवला. मारी ताल्योनी, ग्रिसी, फानी चेरितो आणि लुसील ग्रान या त्या काळातल्या चार सर्वांत मोठ्या नर्तिका एकाच वेळी रंगमंचावर आणायच्या, असा थिएटरचा चालक बेंजामिन लमली याचा बेत होता. अशा वेळी रचनाकाराचे काम निम्मे सोनाराचे असते: खडा आधीच हातात असतो, कोंदण तेवढे करायचे. ताल्योनीची तरंगती उडी, चेरितोचा वेग, ग्रानचा डौल, असे प्रत्येकीचे हुकमी अंग हेरून पेरोने एकेकीचा स्वतंत्र तुकडा बांधला. पुढे भांडण लागले ते क्रमावरून. शेवटचा, म्हणजे मानाचा तुकडा ताल्योनीचा, यावर दुमत नव्हते. तिच्या आधी कोण, यावर ग्रिसी आणि चेरितो दोघीही अडून बसल्या. लमलीने तोडगा काढला की वयाने जी मोठी असेल तिला तो मान द्यावा. मग मात्र दोघींनाही माघार घेण्याची घाई झाली. १२ जुलै १८४५ रोजी प्रयोग झाला. किस्सा नेहमी हसण्यावारी सांगितला जातो, पण त्यातून त्या काळची व्यवस्था नीट दिसते. बॅले नर्तिकेच्या नावावर चाले, रचनाकार हा तिच्या सोयीने काम करणारा कसबी माणूस असे. एका बॅलेतला आपल्याला साधणारा तुकडा उचलून दुसऱ्यात घालण्याची मुभाही नामांकित नर्तिका सर्रास घेत.

रशियात मारियुस पेतिपाच्या हाती सूत्रे आली तेव्हा पारडे दुसरीकडे झुकले. हा मूळचा मार्सेयचा नर्तक १८४७ साली सेंट पीटर्सबर्गला गेला आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ तिथल्या शाही बॅलेचा सर्वेसर्वा राहिला. घरी टेबलावर कागदाच्या लगद्याच्या छोट्या बाहुल्या मांडून तो समूहाच्या रांगा, वर्तुळे आणि तिरक्या ओळी ठरवी, त्यांच्या आकृत्या काढून ठेवी आणि मगच तालमीला येई. ‘स्लीपिंग ब्यूटी’साठी त्याने चायकोव्स्कीला प्रसंगागणिक किती मात्रांचे आणि कोणत्या ढंगाचे संगीत हवे याच्या लेखी सूचना दिल्या होत्या. समूहातल्या मुलीच्या वाट्याला या पद्धतीत स्वतःचे असे काही येत नव्हते. तिने बाहुलीची जागा घ्यायची आणि शेजारणीशी हात जुळवायचा.

प्रमुख नर्तिकेचा मामला निराळा होता. मिलानहून आलेल्या प्येरिना लेन्यानीने १८९३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘सिंड्रेला’च्या बॅलेत सलग ३२ फ्वेते घेऊन दाखवले. एका पायाच्या बोटांवर उभे राहून दुसऱ्या पायाच्या फटकाऱ्याने जागच्या जागी घेतलेली ही गिरकी. ३२ वेळा, मध्ये न थांबता. रशियन नर्तिकांना तोवर हे साधलेले नव्हते. १८९५ मध्ये पेतिपा आणि लेव इवानोव यांनी ‘स्वान लेक’ नव्याने बसवला, तेव्हा काळ्या हंसिणीच्या नृत्यात लेन्यानीचे हेच ३२ फ्वेते घातले गेले. राजपुत्राला भुरळ घालणारी, दमवून टाकणारी, निर्दय अशी ती व्यक्तिरेखा त्या गिरक्यांनी उभी राहिली. आज जगातल्या कोणत्याही मंडळीत ही भूमिका करणाऱ्या मुलीला त्या ३२ गिरक्यांची परीक्षा द्यावी लागते. लेन्यानीची खासियत अशा रीतीने पेतिपाच्या नावावर जमा झाली.

मिखाइल फोकीनने १९०७ साली आना पावलोवासाठी केलेला ‘हंस’ हा दोन-तीन मिनिटांचा एकल नाच म्हणजे दुसऱ्या टोकाचे उदाहरण. फोकीनच्या सांगण्यानुसार तो काही मिनिटांतच झाला. आधी तो पुढे नाचला आणि ती मागून करत गेली. मग ती एकटी नाचली आणि तो बाजूने चालत हातांचे वळण दुरुस्त करत राहिला. पाय जवळजवळ सर्व वेळ एकच काम करतात, बोटांच्या टोकांवर बारीक पावले. बाकी सारे हात, मान आणि पाठ यांवर आहे, आणि ते पावलोवाचे होते. ती हा नाच पुढे आयुष्यभर करत राहिली आणि प्रत्येक वेळी त्यात काहीबाही बदलत गेली. त्यातले मूळ फोकीनचे किती आणि तिने घातलेले किती, हे वेगळे काढणे तिच्या हयातीतच अवघड झाले होते.

वास्लाव निजिन्स्की स्वतः असामान्य नर्तक होता, आणि रचनाकार झाल्यावर त्याचे वागणे पेतिपाहून कडक झाले. ‘फॉनची दुपार’ या दहा-बारा मिनिटांच्या बॅलेसाठी त्याने सगळ्या हालचाली आधी घरी, बहीण ब्रोनिस्लावा हिच्या अंगावर बसवून पाहिल्या. मनगट कसे वळेल, बोटे कशी मिटतील, पावलाची टाच आधी टेकेल की नाही, इथपर्यंत सगळे ठरलेले. १९१२ च्या प्रयोगाआधी मंडळीच्या नव्वदच्या आसपास तालमी झाल्याचे सांगितले जाते. चेहऱ्यावर भाव आणायचा नाही, अंग प्रेक्षकांकडे आणि तोंड बाजूला ठेवायचे, अशी सक्त ताकीद होती. इतकी वर्षे कमावलेले सगळे कौशल्य बाजूला ठेवा, असेच नर्तकांना सांगितले जात होते, त्यामुळे त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे.

पुढच्या वर्षी स्ट्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’च्या वेळी तर संगीताची मात्रा पकडणेच कोणाला जमेना. दर ओळीला ताल बदलणारे ते संगीत नर्तकांच्या कानी कधी पडलेलेच नव्हते. मंडळीचा चालक दिआगिलेव याने दालक्रोझच्या तालशिक्षण पद्धतीत तयार झालेल्या मारी रांबेर या तरुणीला मदतीला आणले. ती स्वरलिपीवर मात्रा मोजून नर्तकांना शिकवी. मंडळीने तिला ‘रिथमिच्का’ असे टोपणनाव ठेवले. २९ मे १९१३ च्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांचा गलका इतका झाला की वाद्यवृंद ऐकू येईना, आणि निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून आकडे ओरडत राहिला. रशियन भाषेत दहाच्या पुढचे आकडे लांबलचक, त्यामुळे आकडा उच्चारून होईतो मात्रा निघून जाई, अशी तक्रार स्ट्राविन्स्कीने पुढे केली.

मोजक्या प्रयोगांनंतर हा बॅले बंद पडला आणि निजिन्स्कीची रचना हरवली. ती १९८७ मध्ये अमेरिकेतल्या जॉफ्री बॅलेने पुन्हा उभी केली, मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी अनेक वर्षे केलेल्या शोधाच्या आधारावर. त्यांच्या हाती जी साधने होती त्यांत प्रेक्षागृहात बसून काढलेली व्हालांतीन ग्रॉसची रेखाटने होती आणि रांबेरने पियानोच्या स्वरलिपीवर केलेल्या टिपा होत्या. हुकूमशहासारख्या वागणाऱ्या रचनाकाराचे काम शेवटी तालमीतल्या सहायिकेच्या टिपांतून परत आले.

१९२० च्या दशकात नर्तिका आणि रचनाकार यांच्या नात्याचा एक धागा भारताकडे वळला. १९२२-२३ च्या दौऱ्यात पावलोवा भारतात येऊन गेली होती आणि तिला भारतीय विषयांवर नृत्ये हवी होती. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकर यांना तिने गाठले. त्यांनी तिच्या मंडळीसाठी ‘हिंदू विवाह’ आणि ‘राधा-कृष्ण’ अशा दोन रचना केल्या. १९२३ मध्ये कॉव्हेंट गार्डनला त्या झाल्या. ‘राधा-कृष्ण’मध्ये पावलोवा राधा आणि शंकर स्वतः कृष्ण. शास्त्रशुद्ध नृत्यशिक्षण शंकरांनी तोवर घेतलेले नव्हते. चित्रे, शिल्पे आणि लहानपणी पाहिलेले सणसमारंभ एवढीच शिदोरी. जगातली सर्वांत प्रसिद्ध नर्तिका एका विद्यार्थ्याकडून नाच बसवून घेत होती. कोण कोणाला घडवत होते, हे सांगणे कठीण.

शंकरांनी पुढे अल्मोड्याजवळ संस्कृती केंद्र काढले. कथकलीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिल्लै, मणिपुरीसाठी अमोबी सिंग आणि संगीतासाठी अल्लाउद्दीन खाँ असे गुरू तिथे होते. पण परंपरेहून वेगळे असे जे काही होते ते विद्यार्थ्यांना आयत्या वेळी विषय देऊन स्वतःच्या हालचाली शोधायला लावणाऱ्या वर्गांमध्ये. गुरूने दाखवायचे आणि शिष्याने हुबेहूब उतरवायचे, या रीतीत वाढलेल्या देशात ही गोष्ट लहान नव्हती. शिक्षणक्रम आखण्यात झोहरा सेहगल यांचा मोठा वाटा होता. युद्धकाळात, चार-पाच वर्षांतच, केंद्र बंद पडले आणि तिथली माणसे पांगली. गुरुदत्त पुण्याला प्रभात फिल्म कंपनीत आले आणि ‘हम एक हैं’ (१९४६) या चित्रपटाची नृत्ये त्यांनी बसवली. शांती बर्धन आणि सचिन शंकर मुंबईला आले. इप्टा या नाट्यसंघटनेच्या अंधेरीतल्या पथकात बर्धनांनी काम केले, १९५२ मध्ये लिटल बॅले ट्रूप काढला आणि कळसूत्री बाहुल्यांच्या चालीवर ‘रामायण’ बसवले. नर्तकांनी सांध्यांना दोऱ्या बांधल्यासारखे हलायचे, चेहरा स्थिर ठेवायचा. पेतिपाच्या टेबलावरच्या बाहुल्या इथे उलट वाटेने आल्या: बाहुली होणे हीच नर्तकाची अवघड कला ठरली, आणि बाहुलीसारखे वागूनही माणूस जिवंत कसा ठेवायचा हे ज्याचे त्याला शोधावे लागले. १९५४ मध्ये बर्धन गेले. मंडळीतल्याच नर्तिका असलेल्या त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी तो संसार पुढे अर्धशतक चालवला, आणि ‘रामायण’ टिकले ते त्यामुळेच.

जॉर्ज बालांशीनची ख्याती पेतिपाचा वारसदार म्हणून आहे, पण त्याची काम करण्याची रीत वेगळी होती. १९३४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला नुकत्याच सुरू झालेल्या स्कूल ऑफ अमेरिकन बॅलेत तो संध्याकाळी रंगमंचाची सवय व्हावी म्हणून वर्ग घेऊ लागला. पहिल्या दिवशी १७ मुली आल्या. जोड्या किंवा चौकडीत न बसणारा हा आकडा. त्याने तो तसाच घेऊन त्यांना रंगमंचभर उभे केले. दुसऱ्या वेळी नऊ आल्या, मग सहा. तेवढ्यांत जे बसेल ते बसवले. एक मुलगी उशिरा आली आणि आपली जागा शोधू लागली, ते त्याने ठेवले. एकदा सगळ्या धावत बाहेर जाताना एक पडली, तेही ठेवले. पुढे मुलगे येऊ लागले तशी त्यांनाही जागा झाली. त्यातून ‘सेरेनाड’ उभा राहिला आणि त्या जूनमध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका बागेत विद्यार्थ्यांनी तो केला. गोष्ट नसलेल्या त्या बॅलेत आजही एक मुलगी उशिरा येते आणि एक पडते. शिकाऊ मुलींची उपस्थिती आणि अपघात हे रचनेचे सामान झाले. त्या मुलींनी ते जाणूनबुजून दिले नव्हते, हेही खरे. वेचणारा हात बालांशीनचाच होता.

पुढच्या काळात तो ठरावीक नर्तिका डोळ्यांपुढे ठेवून बॅले करी, आणि रचना ही त्या नर्तिकेपासून तोडता येत नाही हे त्याने उघडपणे मान्य केले ते मृत्युपत्रात. ३० एप्रिल १९८३ रोजी तो वारला. त्याच्या बॅलेंचे हक्क त्याने एखाद्या संस्थेला न देता माणसांत वाटले होते, आणि त्यांतले बरेचसे त्याचे नर्तक होते. ‘त्सिगान’ सुझान फॅरेलला, ‘बालो देला रेजिना’ मेरिल अॅशलीला, ‘टारांटेला’ पॅट्रिशिया मॅकब्राइडला. हे तिन्ही बॅले त्या त्या नर्तिकेवरच बसवलेले. ‘सेरेनाड’ कारिन फॉन आरोल्डिंगेनला मिळाला. नर्तकाच्या वाट्याला इतकी रोकडी मान्यता याआधी क्वचितच कोणी दिली असेल. ती कायद्याने भाग पाडली म्हणून आली नव्हती, मालकाच्या मर्जीने आली होती.

अशी मर्जी नसली म्हणजे काय होते, हे लंडनच्या रॉयल बॅलेत १९६५ मध्ये दिसले. केनेथ मॅकमिलनने प्रोकोफिएवच्या संगीतावर ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बसवला तो लिन सीमूर आणि ख्रिस्तोफर गेबल यांच्याबरोबर. सज्ज्यातल्या प्रसंगाचे युगलनृत्य आदल्या वर्षीच या जोडीसाठी कॅनडाच्या दूरचित्रवाणीकरता तयार झाले होते आणि बाकीचा बॅले त्याभोवती वाढला. सीमूर ही तंत्राने निर्दोष म्हणून ओळखली जाणारी नर्तिका नव्हती. तिची ताकद होती मऊ, वजनदार अंगात आणि वेडेवाकडे, कुरूप दिसायला न भिण्यात. मॅकमिलनला ज्युलिएट तशीच हवी होती. आईवडिलांनी लग्नाचा हट्ट धरल्यावर ज्युलिएट पलंगाच्या कडेला बसून राहते. संगीत चढत जाते आणि ती हलत नाही. कितीतरी वेळ नुसती समोर बघत बसते, आणि मग एकदम उठून धर्मगुरूकडे धावते. बॅलेच्या नायिकेने संगीताच्या ऐन भरात काहीही न करणे ही तेव्हा धाडसाची गोष्ट होती, आणि ते सीमूरच्या अंगावर तोलून केलेले होते.

पण ९ फेब्रुवारीच्या पहिल्या प्रयोगात ज्युलिएट झाली मार्गो फोंटेन आणि रोमिओ रुडॉल्फ नुरेएव. अमेरिकेचा दौरा ठरलेला होता आणि तिथला आयोजक सॉल ह्यूरॉक याला तिकीट खपवणारी जोडी हवी होती. ज्या नर्तकांनी भूमिका घडवली त्यांनीच ती इतरांना शिकवायची आणि मागे थांबायचे, अशी वेळ आली. पहिल्या रात्री पडदा चाळीसहून अधिक वेळा वर गेला, आणि पुढच्या वर्षी याच प्रसिद्ध जोडीला घेऊन चित्रपटही निघाला. त्यामुळे जगाच्या आठवणीत तो बॅले फोंटेन-नुरेएवचा म्हणून राहिला. मॅकमिलन १९६६ मध्ये बर्लिनला गेला आणि सीमूरला बरोबर घेऊन गेला. गेबलने थोड्याच काळात बॅले सोडून अभिनयाची वाट धरली. आज चांगल्या संदर्भग्रंथांत ‘प्रथम प्रयोगातील नर्तक’ आणि ‘ज्यांच्यावर रचना झाली ते नर्तक’ हा फरक नोंदवलेला असतो, तो अशाच प्रसंगांमुळे.

अमेरिकेतल्या आधुनिक नृत्याने हा प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. मर्स कनिंगहॅम नाणी उडवून हालचालींचा क्रम ठरवी. नर्तक शांततेत, घड्याळावर तालीम करत आणि संगीत अनेकदा थेट प्रयोगाच्या रात्रीच ऐकत. नशिबाने दिलेला अशक्यप्राय क्रम अंगाने शक्य करून दाखवणे हे त्यांचे काम. दोन हालचालींमधला दुवा नाण्यात नसतो, तो नर्तकच शोधतो. ६ जुलै १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये तरुण नर्तकांनी आपापल्या रचनांचा कार्यक्रम केला, आणि करणारा व रचणारा यांतली भिंतच पाडली. त्यांच्यातल्या इव्हॉन रेनरने १९७० मध्ये एक रचना इतकी सैल सोडली की मंडळीने रचनाकाराशिवायच चालायचे ठरवले. ‘ग्रँड युनियन’ नावाने ते १९७६ पर्यंत संपूर्ण उत्स्फूर्त प्रयोग करत राहिले. कोणी मुख्य नसलेली मंडळी फार काळ टिकत नाही, हे त्यांच्याबाबतीतही खरे ठरले.

जर्मनीत पिना बाउशने जी पद्धत रुळवली तिचा परिणाम मात्र सर्वांत खोल झाला. १९७३ पासून ती वुपरटालच्या नृत्यमंडळीची प्रमुख होती आणि ‘राइट ऑफ स्प्रिंग’ (१९७५) पर्यंत तिने इतरांसारख्याच हालचाली स्वतः रचून शिकवल्या. १९७८ मध्ये बोखुम येथे ‘मॅकबेथ’वर आधारित प्रयोग करताना तिच्या हाताखाली चार नर्तक, चार नट आणि एक गायिका असा संच होता. नटांना नाचाची पावले देण्यात अर्थ नव्हता. म्हणून तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे कायम झाली.

प्रश्न साधे असत: एखादा शब्द, एखादे अर्धे वाक्य, लहानपणातली एखादी भीती, कोणाला तरी जवळ घेण्याची एखादी तऱ्हा. एका रचनेसाठी शंभराच्या घरात असे प्रश्न होत. नर्तक बोलून, गाऊन, नाचून किंवा नुसते काहीतरी करून दाखवत. ती पाहत बसे आणि लिहून ठेवी. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांतले एखादे पुन्हा करून दाखव म्हणे. बहुतेक सगळे गाळले जाई, उरलेल्यांची जुळवाजुळव ती करी. अभिमान वाटावा असे काहीतरी दाखवा, असे तिने एकदा सांगितले. लुट्झ फर्स्टर याने अमेरिकेत शिकलेले, गर्श्विनचे एक प्रेमगीत मूकबधिरांच्या खाणाखुणांत करून दाखवले. ‘नेल्केन’ (१९८२) या प्रयोगात कार्नेशनच्या फुलांनी भरलेल्या रंगमंचावर सुटाबुटातला फर्स्टर ते करतो, आणि बाउशच्या कामांतला हा भाग फार ओळखीचा झाला. रचना कोणाची, या प्रश्नाचे उत्तर इथे सोपे नाही. खुणा मूकबधिर समाजाच्या, गाणे गर्श्विनचे, निवड फर्स्टरची आणि जागा बाउशने दिलेली. पुढच्या रचनांच्या कार्यक्रमपत्रिकांत नर्तकांची नावे सहयोगी म्हणून छापली जाऊ लागली. २००७ चा ‘बांबू ब्लूज’ मंडळीच्या भारतातल्या मुक्कामातून निघाला. त्यात शांतला शिवलिंगप्पा ही कुचिपुडी नर्तिका होती आणि तिच्या अंगातली भाषा तिच्याबरोबर आत आली.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. हालचाल उसनी घेणे वेगळे आणि कोणाची आठवण, लाज किंवा दुखरी जागा उसनी घेणे वेगळे. नर्तक पगारावर काम करतो. त्याने दिलेला प्रसंग वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाने जगभर होत राहतो, आणि तो मंडळी सोडून गेल्यावर त्याची आठवण दुसरा कोणी नाचतो. बाउशच्या अनुकरणाने प्रश्न विचारणे ही युरोपभर प्रथा झाली, तेव्हा तिच्यासारखी निवडीची नजर नसलेल्या कित्येकांनी तिचा वापर आयता माल मिळवण्यासाठी केला. फ्रँकफर्टमध्ये विल्यम फॉर्साइथने निराळी वाट काढली: तो नर्तकांना हालचाल घडवण्याचे नियम देई आणि हालचाल त्यांच्यावर सोडी. १९९९ मध्ये त्याने हे नियम सीडी-रॉमवर प्रसिद्धही केले. इथे खाजगी आयुष्य मागितले जात नव्हते, डोके मागितले जात होते.

ज्यांना काहीच विचारले गेले नाही त्यांची बाजू २००४ मध्ये पॅरिस ऑपेराच्याच रंगमंचावर आली. झेरोम बेलने निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेली समूहनर्तकी व्हेरोनिक द्वानो हिला एकटीला उभे केले. ती साध्या कपड्यांत येते, मायक्रोफोन लावून आपले वय, पगार आणि मंडळीतली पायरी सांगते, कधीच न मिळालेल्या ‘जिझेल’चा तुकडा स्वतःच गुणगुणत नाचून दाखवते. मग ‘स्वान लेक’मधला एक प्रसंग येतो. त्यात ३२ मुली कडेला उभ्या राहून मधल्या जोडीसाठी जिवंत नेपथ्य होतात. प्रेक्षकांना तो सगळ्यांत सुंदर भाग वाटतो, तिला मात्र तिथे ओरडून निघून जावेसे वाटते, असे ती सांगते. संगीत लागते आणि एरवी ३१ जणींत हरवणारी ती एकटी रिकाम्या रंगमंचावर त्या जागा घेऊन मिनिटेच्या मिनिटे निश्चल उभी राहते. प्रयोगाचे नाव तिचेच आहे. रचनाकार म्हणून नाव बेलचे आहे.

कायद्याने या सगळ्यात फारशी मदत केलेली नाही. अमेरिकेत नृत्यरचनेला स्वतंत्र संरक्षण मिळाले ते १९७६ च्या कायद्याने, आणि तेही रचनाकाराला. नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहमच्या मृत्यूनंतर तिच्या नृत्यांवर हक्क कोणाचा हा वाद न्यायालयात गेला. तिच्या बहुतेक रचना तिने संस्थेच्या नोकरीत केल्या, म्हणून त्या संस्थेच्या, असा निकाल २००२ मध्ये लागला. म्हणजे खुद्द रचनाकारही नर्तकांसारखीच पगारी ठरली. भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात लेखी किंवा अन्य रूपात टिपून ठेवलेली नृत्यरचना ‘नाट्यकृती’त मोडते. नर्तकाला १९९४ पासून सादरकर्ता म्हणून वेगळे हक्क आहेत आणि २०१२ च्या दुरुस्तीने नावाचा उल्लेख मागण्याचा हक्कही मिळाला. तालमीत सुचवलेल्या हालचालीसाठी मात्र या दोन्ही देशांच्या कायद्यांत वेगळे कलम नाही. सहलेखक असल्याचे सिद्ध करणे ज्याचे त्याच्यावर.

रचनाकार गेल्यावर नर्तकाचे काम आणखी वाढते. बाउश आणि कनिंगहॅम दोघेही २००९ च्या उन्हाळ्यात एका महिन्याच्या आत गेले. कनिंगहॅमने आधीच ठरवल्याप्रमाणे त्याची मंडळी अखेरचा दौरा करून ३१ डिसेंबर २०११ रोजी विसर्जित झाली. त्याच्या रचना आता टिपणे, चित्रफिती आणि जुने नर्तक यांच्या मदतीने इतर मंडळ्यांना शिकवल्या जातात. वुपरटालची मंडळी चालू राहिली. बाउशचा ‘राइट ऑफ स्प्रिंग’ सेनेगलमधल्या एकोल दे साब्ल या नृत्यशाळेत १४ आफ्रिकी देशांतल्या ३८ नर्तकांवर बसवला गेला, तेव्हा शिकवायला जो अँ एंडिकॉट आणि इतर जुने नर्तक गेले होते. चित्रफितीत पाऊल कुठे पडते हे दिसते; कोणत्या श्वासावर पडते आणि थकल्यावर कुठे सावरायचे, हे त्यांनी उभे राहून सांगितले. या ३८ जणांची तयारी एका घराण्याची नव्हती. कोणी पारंपरिक नृत्यातून आलेले, कोणी रस्त्यावरच्या नाचातून. १९७५ मध्ये बाउशने युरोपीय शिस्तीत वाढलेल्या अंगांवर जे बसवले होते ते या अंगांवर वेगळे दिसू लागले. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे प्रयोग रद्द झाले, तेव्हा पांगण्याआधी एक तालीम समुद्रकिनाऱ्यावर चित्रित करण्यात आली. प्रत्यक्ष दौरा २०२१ च्या सप्टेंबरमध्ये माद्रिदपासून सुरू झाला.